कारागिराचे कवच

गावच्या बाजारपेठेतून सकाळच्या प्रहरी सहज चालत गेले, तरी श्रमाची किती निरनिराळी रूपे दृष्टीस पडतात! एका बाजूस लोहाराचा भाता फुलत असतो आणि ऐरणीवर घणाचे घाव पडत असतात. पलीकडे सुताराच्या करवतीखालून लाकडाचा भुसा उडत असतो. थोडे पुढे गेले, की खिडकीचे गज जोडणारा वेल्डर काळ्या काचेआड तोंड झाकून ठिणग्यांच्या वर्षावात बसलेला दिसतो. गावाबाहेर पाथरवट दगड घडवीत असतो, तर शेतात कोणी पाठीवर पंप घेऊन पिकावर औषध फवारीत असतो. ह्या सर्वांच्या कष्टांवर आपले घर उभे राहते आणि आपले ताट भरते. परंतु ज्या हातांनी हे सारे घडते ते हात, ते डोळे आणि ती फुप्फुसे सुरक्षित राहतात काय, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

प्रत्येक धंद्याला त्याचा असा एक धोका असतो. तो ओळखणे आणि त्यापासून रक्षण करणारे योग्य साधन निवडणे, ह्याचे एक शास्त्र आहे. ते शास्त्र समजण्यास अवघड नाही. मला मात्र ते उशिरा समजले आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्याला द्यावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतो.

मी एका शाळेचा मुख्याध्यापक असताना तिला जोडून एक लहानशी कर्मशाळा होती. तेथे मोठ्या वर्गांतील मुले कानस चालवणे, लोखंड कापणे, सांधे जोडणे अशी कामे शिकत. दरवर्षी तपासणीपूर्वी तेथील सामानाची यादी माझ्याकडे सहीसाठी येई. त्या यादीत एक ओळ असे : ‘संरक्षक चष्मे, नग दोन.’ चष्मे भिंतीवरील खिळ्याला टांगलेले मी स्वतः पाहिले होते. मी समाधानाने सही करीत असे.

एके दिवशी नववीतला एक मुलगा ग्राइंडरच्या फिरत्या चाकावर छिन्नीला धार लावीत होता. चाकाचा किंवा लोखंडाचा एक बारीक तप्त कण उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्यात शिरला. आम्ही त्याला तातडीने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, तरी त्या डोळ्याची दृष्टी बहुतांशी गेलीच. मी त्याच्या उशाशी बसलो होतो. माझ्या तोंडून नकळत प्रश्न निघून गेला, “अरे, चष्मा होता ना तिथे?” तो शांतपणे म्हणाला, “होता, सर. मी लावलाही होता. पण त्यातून काही दिसेना, म्हणून कपाळावर सरकवला.”

मी परत येऊन तो चष्मा खिळ्यावरून काढला व डोळ्यांना लावून पाहिला. तो वेल्डिंगचा चष्मा होता. त्याची काच इतकी काळी, की भर दुपारी समोरची खिडकीदेखील दिसत नव्हती. ज्याने तो विकत आणला, त्याने ‘चष्मा’ आणला होता. ज्याने यादी लिहिली, त्याने ‘चष्मा’ लिहिला होता आणि मी त्याखाली सही केली होती. कोणत्या कामासाठी, कोणत्या धोक्यासाठी, कोणाच्या डोळ्यांसाठी, हे आम्हां तिघांपैकी एकानेही विचारले नव्हते. मुलाची चूक फारच थोडी होती.

त्या दिवसापासून मी ह्या विषयाचा अभ्यास करू लागलो. त्यातून जे उमगले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे धोका आणि जोखीम ह्यांतील भेद. गावात कठडा नसलेली एक विहीर आहे, असे समजा. ती विहीर हा धोका होय. परंतु त्या धोक्यातून अपघात घडण्याचा संभव किती आणि घडल्यास हानी किती, ह्याला जोखीम म्हणतात. विहीर माळावर, निर्जन जागी असेल तर जोखीम थोडी. तीच विहीर शाळेच्या वाटेवर असेल, वाट अंधारी असेल आणि पावसाळ्यात कडेची माती निसरडी होत असेल, तर जोखीम फार मोठी. म्हणून धोका दिसला, की तीन प्रश्न विचारावेत. इजा कोणाला होईल? ती होण्याचा प्रसंग किती वेळा येतो? आणि झाल्यास ती किती गंभीर असेल? बोटाला खरचटणे आणि डोळा जाणे ह्यांना एका तराजूत तोलता येत नाही.

आता ह्या विहिरीचा बंदोबस्त कसा करावा? विहीर निरुपयोगी असेल तर ती बुजवून टाकावी, हा सर्वांत उत्तम उपाय. पाणी लागत असेल, तर नळाची सोय करून विहिरीवर जाण्याची गरजच कमी करावी. ते शक्य नसेल, तर भक्कम कठडा बांधावा व वर जाळी बसवावी. त्याच्या जोडीला, अंधार पडल्यावर मुलांनी तिकडे जाऊ नये असा नियम करावा. आणि सर्वांत शेवटी, ज्याला पाण्यात उतरणे भागच आहे, त्याने पाठीला भोपळा बांधावा. विहीर उघडी ठेवून साऱ्या गावाने पाठीला भोपळे बांधून हिंडावे, असा हुकूम एखाद्या पाटलाने काढला, तर तुम्ही हसाल. परंतु अनेक कामांच्या ठिकाणी नेमके हेच चाललेले असते! धूळ उडवणारे यंत्र तसेच ठेवायचे आणि कामगारांना नाकाला फडके बांधण्यास सांगायचे, हा त्यातलाच प्रकार होय.

उपायांचा हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धोका नाहीसा करणे, त्याच्या जागी कमी धोक्याचे काही आणणे, धोका आणि माणूस ह्यांमध्ये आडोसा उभारणे, कामाची शिस्त लावणे आणि अखेरीस अंगावर संरक्षक साधन घालणे. अंगावरचे साधन शेवटी येते, ह्याचे कारण उघड आहे. ते धोक्याला हात लावीत नाही. ते फक्त घाव झेलते, आणि तेही नीट बसले, फाटले नाही व माणसाने काढून ठेवले नाही, तरच.

धोका ओळखावा कसा? त्यासाठी काम चालू असताना पाहावे आणि काम करणाऱ्याला विचारावे. सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी इटलीतील मोदेना शहरी बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. त्यांच्या घरचा मैलाचा हौद उपसण्यास एक मजूर आला होता. तो फार घाईने काम करीत होता. रामाझ्झिनींनी त्याला कारण विचारले. मजूर म्हणाला, की येथे अधिक वेळ थांबले तर डोळे जातात. मग घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसावे लागते व कोमट पाण्याने डोळे धुवावे लागतात. विद्वान वैद्याला ग्रंथांत न सापडलेली गोष्ट एका मजुराने सांगितली. पुढे रामाझ्झिनींनी खाणकामगार, कुंभार, पाथरवट अशा कित्येक कारागिरांची विचारपूस करून त्यांच्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला तपासताना ‘तुमचा धंदा कोणता?’ हा प्रश्न वैद्याने अवश्य विचारला पाहिजे, असे त्यांनी त्यात सांगितले. कामाच्या जागी धोका शोधणाऱ्याने आजही हाच धडा गिरवावा.

आता साधनांच्या निवडीकडे वळू. दुर्योधनाची एक कथा लोकांत प्रचलित आहे. गांधारीच्या दृष्टीने त्याचे सर्वांग वज्रासारखे झाले, मात्र मांडीचा भाग झाकलेला राहिला आणि भीमाची गदा नेमकी तेथेच बसली. घाव कोठून येणार, हे न पाहता घेतलेले कवच असेच फसते. म्हणून मस्तकापासून पायापर्यंत एकेका अवयवाचा विचार करावा.

मस्तकावर वरून वस्तू पडण्याची भीती असेल तेथे शिरस्त्राण हवे. त्याचे बाहेरचे कवच कठीण असते, पण खरी करामत आतील पट्ट्यांची असते. ह्या पट्ट्यांमुळे डोके आणि कवच ह्यांमध्ये मोकळी जागा राहते व आघाताचा जोर एका जागी न बसता पसरतो. त्या पट्ट्या काढून टाकल्या, तर शिरस्त्राण म्हणजे केवळ टोपी! जोराचा मार बसलेले शिरस्त्राण वरून अखंड दिसले तरी पुन्हा वापरू नये. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९३३ ते १९३७ ह्या काळात गोल्डन गेट पूल बांधला गेला. तेथे कामगारांना शिरस्त्राण घालणे सक्तीचे होते. शिवाय पुलाखाली एक प्रचंड जाळे बांधले होते. ह्या जाळ्याने एकोणीस जणांचे प्राण वाचवले. तथापि १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची कोसळली, ती जाळे फाडून खाली गेली आणि दहा जण मृत्यू पावले. जाळे माणसाचे वजन पेलू शकत होते, परांचीचे नव्हे. प्रत्येक साधनाची एक मर्यादा असते आणि ती जाणून घेणे हाही निवडीचाच भाग आहे.

डोळ्यांची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच. ग्राइंडरवर उडणाऱ्या कणांसाठी पारदर्शक, सहसा न फुटणारा व कडांनीही झाकलेला चष्मा लागतो. वेल्डिंगच्या प्रखर प्रकाशात डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांसाठी काळी काच हवी. त्या काचांनाही क्रमांक असतात, क्रमांक जितका मोठा तितकी काच अधिक काळी. हा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्या वेळी काहीच वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वेदना सुरू होते. म्हणून रस्त्याने जाताना वेल्डिंगकडे कुतूहलानेसुद्धा टक लावून पाहू नका.

कानांचा शत्रू दिसत नाही आणि तो जखमही करीत नाही. मोठ्या आवाजाने कानाच्या आतील सूक्ष्म पेशी हळूहळू मरतात व त्या पुन्हा उगवत नाहीत. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या सोबत्याशी बोलण्यासाठी ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानांना घातक आहे असे समजावे. तेथे कानांत बसणारी बुचे किंवा कानांवर बसणारी झाकणे वापरावीत.

श्वासाच्या बाबतीत तर निवड फार काळजीपूर्वक करावी लागते. दगड फोडताना सिलिका नावाच्या खनिजाची धूळ उडते. तिचे मोठे कण नाकात व घशात अडकतात. जे कण डोळ्यांना दिसतही नाहीत, ते मात्र फुप्फुसांत खोल जाऊन बसतात व सिलिकोसिस हा असाध्य रोग जडवतात. साधे फडके त्यांना अडवू शकत नाही. तेथे आधी दगडावर पाणी मारून धूळच बसवावी आणि मग चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक गाळणीचा मुखवटा वापरावा. वायूला मात्र धुळीची गाळणी अडवीत नाही. त्याला त्या त्या वायूसाठी केलेली निराळी गाळणी लागते. आणि जेथे हवेत प्राणवायूच कमी आहे, तेथे कोणतीही गाळणी उपयोगी पडत नाही, कारण गाळणी हवा स्वच्छ करते, प्राणवायू निर्माण करीत नाही. जुनी विहीर, गटाराचा हौद, धान्याचे पेव ह्यांत उतरलेला माणूस कोसळतो, त्याला वाचवण्यास दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो, असे प्रसंग वारंवार घडले आहेत. असे कधी दिसले, तर स्वतः आत उडी घेऊ नका. आरडाओरड करा, मोठ्या माणसांना बोलवा, अग्निशमन दलाला कळवा. धावून जाणारे मन थोर असते, परंतु त्या क्षणी थांबणारी बुद्धीच प्राण वाचवते. गटारे व मैलाचे हौद ह्यांची सफाई माणसाला धोक्यात उतरवून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे, ती ह्याचसाठी.

हातमोज्यांत किती प्रकार! तापलेल्या वस्तूंना कातड्याचे, विजेच्या कामास खास रबराचे, रसायनांना त्या त्या रसायनास टिकणारे. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. आणि गंमत अशी, की काही कामांत हातमोजा हाच शत्रू ठरतो. फिरत्या ड्रिलपाशी किंवा लेथपाशी हातमोजा घातला, तर त्याचे टोक यंत्रात गुंडाळले जाते व क्षणार्धात हात आत ओढला जातो. तेथे उघडे हात, आवळलेल्या बाह्या आणि यंत्रावरील झाकण हेच खरे रक्षण. साधन जितके अधिक तितकी सुरक्षितता अधिक, हा समज किती चुकीचा आहे, हे ह्यावरून कळेल.

पायांवर जड वस्तू पडण्याचे भय असेल, तर पुढच्या टोकात पोलादी वाटी बसवलेले बूट हवेत. उंचावर काम करणाऱ्याने खांदे, छाती व मांड्या ह्यांना आवळणारे पट्टे घालून त्यांची दोरी भक्कम आधाराला बांधली पाहिजे. पट्टा अंगावर आहे, पण दोरी कशालाच बांधलेली नाही, तर तो केवळ अलंकार होय.

आपला महाराष्ट्र कारखान्यांचा तसाच शेतकऱ्यांचा. शेत हेही कामाचे ठिकाणच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले आणि शेकडो आजारी पडले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. तांबडी खूण अत्यंत विषारी द्रव्याची, पिवळी त्याहून कमी, निळी त्याहून कमी आणि हिरवी सर्वांत कमी विषारी द्रव्याची. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मोठ्या माणसांना डब्यावरील बारीक अक्षरे वाचता येत नसतील. ती तुम्ही वाचून दाखवा, पण डब्याला हात लावू नका. कमी विषारी औषध चालेल काय, हे कृषी अधिकाऱ्याला विचारता येते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. हातमोजे, मुखवटा, चष्मा, गमबूट व अंगभर कपडे घालावेत. भर उन्हात हे सारे घालवत नाही, हे खरे. म्हणून फवारणीची वेळ सकाळची किंवा सायंकाळची ठेवावी. जे साधन सोसवत नाही ते माणूस काढून टाकतो, ह्याला उपदेश हा उपाय नव्हे. काम आणि साधन ह्यांची सांगड घालणे हाच उपाय होय.

हे सारे कारागिराच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडून भागत नाही. आपल्या देशात कारखान्यांसंबंधीचा पहिला कायदा १८८१ साली झाला. मुंबईतील गिरणी कामगारांची गाऱ्हाणी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी सरकारपुढे मांडली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. विश्रांती मिळालेला माणूस कमी चुकतो, म्हणून तीही सुरक्षिततेचीच एक पायरी होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना आडोसे घालणे व डोळ्यांचे रक्षण करणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. २०२० साली संसदेने कामगारांची सुरक्षितता व आरोग्य ह्यांसाठी नवी संहिता संमत केली. कवच देणे हा मालकाचा उपकार नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, हेही तुम्हांला ठाऊक असावे.

तो विद्यार्थी पुढे काय करतो, असे तुम्ही विचाराल. शिक्षण पुरे करून त्याने स्वतःची लहानशी कर्मशाळा काढली. मध्यंतरी मी तेथे गेलो होतो. ग्राइंडरशेजारी पारदर्शक चष्मे टांगलेले होते आणि वेल्डिंगच्या जागी काळ्या काचेचे मुखवटे. दोन्ही जागांत चांगले अंतर होते, म्हणजे चुकूनही अदलाबदल होऊ नये. ग्राइंडरच्या वरती भिंतीवर वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटवला होता. मी त्याचे कारण विचारले. तो म्हणाला, “सर, नवा कामगार आला, की त्याला चष्मा लावून ह्यातली एक ओळ वाचायला सांगतो. वाचता आली तरच चाक सुरू करायचे.”

मी तो चष्मा लावला आणि ती ओळ वाचली. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसले. माझ्या साऱ्या सह्यांपेक्षा ती एक ओळ अधिक मोलाची होती.

अभ्यास

१. धोका व जोखीम ह्यांतील भेद पाठातील विहिरीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘मुलाची चूक फारच थोडी होती,’ असे लेखक का म्हणतो?
३. हातमोजा केव्हा रक्षक ठरतो व केव्हा शत्रू ठरतो?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराशी बोला. त्याच्या कामातील धोके, ते टाळण्याचे उपाय आणि लागणारी साधने ह्यांविषयी दहा-बारा ओळी लिहा.